प्रवाह आढळला नाही

१३ जानेवारी १९६४, सोमवार

पुण्याहून पत्र आलं. पोस्टमननं ते शाळेतच दिलं, त्यामुळे हेडमास्तर नारायणरावांच्या देखत फोडावं लागलं. बरंच झालं. आपल्या खेड्यातल्या शास्त्राच्या मास्तराला पुण्याचे प्राध्यापक पत्र लिहितात, हे त्यांनी पाहिलं. हे प्राध्यापक शाळांसाठी शास्त्रीय शब्दांचं पुस्तक तयार करताहेत. राज्य मराठीचं झालं, आता शास्त्रही मराठीत आलं पाहिजे, असं ते लिहितात. मागे मी उष्णतेच्या शब्दांवर त्यांना चार पानं पाठवली होती, ती त्यांना आवडली. आता ‘प्रवाह’ या शब्दावर टिपण मागितलंय. इंग्रजीत फ्लो, करंट, फ्लक्स, डिस्चार्ज असे वेगवेगळे शब्द आहेत. आपण सगळ्यांना प्रवाह म्हणून मोकळे होतो. पाण्याचा प्रवाह, विजेचा प्रवाह, उष्णतेचा प्रवाह, आणि सभेत कोणी उभं राहिलं की विचारांचा प्रवाह. एका शब्दाला एकच अर्थ हवा, नाहीतर शास्त्र उभंच राहत नाही. हे वाक्य टिपणाच्या सुरुवातीला घालणार आहे.

नारायणराव एप्रिलअखेर निवृत्त होतात. पुढे कोण, यावर शाळेत कोणी बोलत नाही आणि विचार मात्र सगळे तेवढाच करतात. मीही करतो. दुसरे एक मास्तर मला दोन वर्षांनी सीनियर आहेत. पण ते बी.एस्सी. नाहीत. बी.एस्सी. या गावात मी एकटा.

१७ जानेवारी, शुक्रवार

टिपण अडलं होतं ते आज सुटलं. प्रयोगशाळेत भाऊरावला सहज विचारलं की, पाणी वाहतं याला तुमच्याकडे काय काय म्हणतात. भाऊराव आमचा प्रयोगशाळेतला शिपाई. बुद्धवाड्यातला. सातवी पास आहे आणि हात असा की, काचेची नळी मी वाकवली तर चपटी होते, त्यानं वाकवली तर गोल राहते. शाळेत लागण्याआधी दहा वर्षं तो उत्तमरावांच्या मळ्यात ओलिताचं पाणी वळवायला होता.

त्यानं नळ्या पुसता पुसता सांगितलं. छपरातून येतं ते ठिबकतं. विहिरीच्या दगडातून येतं ते पाझरतं. माठातून झिरपतं. पाठीवरून घाम ओघळतो. बादली भरली की सांडतं. नाल्याला येतो तो लोंढा. ‘याईले एकच शब्द कसा पुरल मास्तर?’ म्हणाला. मी भराभर लिहून घेतलं. मग म्हणाला, पुस्तकात पाणी वाहतं असं लिहितात, ते काही खरं नाही.

‘काऊन?’ मी त्याच्याच बोलीत कारण विचारलं.

‘पानी आपल्या मनानं कुठी वाह्यते? सोडलं त वाह्यते. म्या दहा वर्सं सोडलं ना. ज्या सरीत कुदळ मारली त्या सरीत गेलं.’

अडाणी माणसाच्या तोंडून कधी कधी फार नेमकं निघतं. ‘पाणी सोडलं तर वाहतं’ हे वाक्य मी उदाहरण म्हणून टिपणात घातलं, शुद्ध करून. 

मी त्याच्या हातचा चहा पितो हे सगळ्या शाळेला माहीत आहे. इथे असं करणारे कमीच.

२ फेब्रुवारी, रविवार

उत्तमरावांनी बोलावणं पाठवलं. ते सरपंच आहेत आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही. गावात नळ येतोय. नाल्याकाठी विहीर झाली, इंजिन आलं, टेकाडावर टाकी बांधून झाली. टाकीपासून चार फाटे निघायचे आहेत. एक उत्तमरावांच्या आळीत, एक बाजारात, एक आमच्या आळीत आणि चौथा बुद्धवाड्यात. बुद्धवाड्याची विहीर खारट आहे आणि होळीपर्यंत आटते. मग त्यांच्या बाया दरड उतरून नाल्यात जातात, रेतीत झिरा उकरतात आणि वाटीनं भरतात.

चिखलीचा ओवरसियर शंका काढतोय. बुद्धवाड्याच्या वाटेवर पांदीत, शेतांमधल्या गाडीवाटेत, एक उंचवटा आहे. तो टाकीच्या बुडापेक्षा उंच भरला तर पाणी पलीकडे उतरणार नाही. त्याच्यापाशी मापाचं यंत्र नाही म्हणे. ‘आपले मास्तर आहेत ना,’ असं उत्तमराव त्याच्यासमोर म्हणाले. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

माप घेतलं. प्रयोगशाळेतली रबरी नळी सगळी एकाला एक जोडली, दोन टोकांना काचेच्या नळ्या लावल्या आणि पाणी भरलं. दोन्हीकडची पातळी एकच राहते, त्यावरून टप्प्याटप्प्यानं उतार काढत गेलो. कल्पना पुस्तकातली, जुळणी भाऊरावची. माझे हात ओले होते म्हणून आकडेही त्यानंच वहीत लिहिले. उंचवटा टाकीच्या बुडापेक्षा अकरा फूट दोन इंच खाली आहे. बुद्धवाडा त्याहून खूपच खाली. म्हणजे पाणी जाईल, आणि जोरात जाईल.

शेवटचं माप त्यांच्या निळ्या झेंड्याच्या ओट्याशी पडलं. सगळा वाडा जमला होता. कचरू नावाचे एक म्हातारे आहेत, त्यांनी काचेतलं पाणी बोटानं दाखवून विचारलं की, हे काय म्हणतं. भाऊराव म्हणाला, ‘येतो म्हनते.’ सगळे हसले. मीही हसलो.

भाऊरावची बायको जनकाबाई तांब्याभर पाणी घेऊन आली. तिला दिवस गेलेत. ‘घ्या मास्तर,’ म्हणाली. मी तहान नाही म्हणालो. तीन तास उन्हात होतो, पण खरंच नव्हती. तिनं तांब्या तसाच थोडा वेळ हातात धरला आणि मग आत नेला. घरी येऊन दोन तांबे प्यालो, ते इतकं चालून आल्यामुळे असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तमरावांच्या ओसरीवर बसून आलो. त्यांनी संत्रं सोलून माझ्यापुढे ठेवलं, यंदा दोनशे कलमं लावल्याचं सांगितलं. मग विचारलं, माप काय म्हणतं. मी सांगितलं की, पाणी जाईल.

‘जाईल ते मले बी दिसते,’ ते म्हणाले. ‘माहा सवाल तो नाई. टाकी लहान. तीन ठिकानी पुरलं पाह्यजे. आन थो ओवरसियर कागद मागून राह्यला.’

मी संत्र्याची एक फोड तोंडात घातली. ते म्हणाले, ‘खोटं लिहा असं मी म्हनत नाई मास्तर. खोटं आपल्याले बी नोको. तुमी शास्त्राचे मानूस. शब्द तुमच्यापाशी लय.’

उठता उठता म्हणाले की, नारायणरावांच्या जागेचं आता पाहावं लागेल, आणि शास्त्राचा माणूस असला तर शाळेला बरं. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध त्यांनी लावला नाही. मीही लावला नाही.

संत्रं आंबट होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून बसून तीन कागद फाडले. चौथा ठेवला. त्यातला मजकूर असा:

‘दि. ९ फेब्रुवारी रोजी चौथ्या फाट्याच्या मार्गाची पाहणी केली. पांदीतील उंचवट्यापलीकडे प्रवाह आढळला नाही.’

खाली सही, नाव, बी.एस्सी.

यात एक अक्षर खोटं नाही. उंचवट्यापलीकडे अजून पाइपच टाकलेला नाही, तेव्हा प्रवाह आढळणार कुठून? मी पाहणी केली, नव्हता, नाही असं लिहिलं. पाणी जाईल की नाही हे मी लिहिलेलं नाही, कारण तसं मला कोणी लेखी विचारलेलं नाही. अनुमान काढणं ओवरसियरचं काम. त्याला शंका वाटली तर त्यानं यावं, मोजावं.

हे मी इतकं सविस्तर का लिहितोय?

२४ फेब्रुवारी, सोमवार

कागद दिला. ओवरसियरनं वाचला, घडी केली, खिशात घातला. काही विचारलं नाही. काही विचारेल असं वाटलं होतं.

१४ मार्च, शनिवार

नळ सुरू झाले. बाजारातल्या नळाला हार घातला, उत्तमरावांनी चावी फिरवली, पेढे वाटले. आमच्या आळीतला नळ आमच्या दारापासून दहा पावलांवर आहे. कलानं, म्हणजे बायकोनं, घरातली सगळी भांडी भरली. घागरी, पातेली, परात, शेवटी दुधाचा गंज. लग्नाला अकरा वर्षं झाली, तिला इतकी हसताना पाहिल्याचं आठवत नाही. लांबच्या आडावरून दोन हंडे डोक्यावर आणून तिची मान दुखायची. आता दुखणार नाही.

चौथ्या फाट्याचं काम तांत्रिक कारणास्तव थांबवल्याचं उत्तमरावांनी भाषणात सांगितलं. त्याचे पाइप परवाच बैलगाडीतून त्यांच्या मळ्याच्या वाटेनं गेले. 

बुद्धवाड्यातलं कोणी पेढे घ्यायला आलं नाही.

१६ मार्च, सोमवार

भाऊरावनं आज विचारलं. मुलं गेल्यावर प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि म्हणाला, ‘सर, आपलं माप चुकलं काय?’

मी नाही म्हणालो.

‘मंग?’

मी त्याला माप आणि पाहणी यांतला फरक समजावून सांगितला. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं. नेहमीसारखा मध्ये बोलला नाही. शेवटी मापाची वही कुठे आहे एवढंच विचारलं. ऑफिसात आहे, म्हणालो. ती माझ्या घरी ट्रंकेत आहे, पण ऑफिसात न्यायचीच आहे.

इतके दिवस मला मास्तर म्हणायचा, आज सर म्हणाला. जागेची बातमी फुटली असावी.

१६ एप्रिल, गुरुवार

कला दुपारी शाळेत आली. ती कधी येत नाही. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, ‘जनकाच्या अंगावरून जाऊन राह्यलं. तीन दिवस झाले. गाडी पाह्यजे मेहकरले न्याले.’

जनकाबाई सोमवारी झिऱ्यावरून वर चढताना घागरींसकट दरडीवरून घसरली. सहावा महिना होता. सुईणीनं पाहिलं, थांबेल म्हणाली, थांबलं नाही. आज सकाळपासून ती बोलेनाशी झाली. भाऊराव गाडीसाठी तीन घरं फिरला होता. कोणाचे बैल नांगराला, कोणाची गाडी मोडकी. कलानं तिच्या माहेरच्या नात्यातल्या एकाची गाडी मिळवली. मी गाडीवानाला लवकर जायला सांगितलं.

फार वाईट वाटलं. या बाया एका खेपेला दोन दोन घागरी का घेतात कळत नाही.

हे लिहिताना लक्षात आलं की ‘स्राव’ हा शब्द माझ्या टिपणातून राहूनच गेला. रक्तस्राव, लाळस्राव. बायांची बोली ‘अंगावरून जाणं’ म्हणते, त्यात काय जातं ते सांगतच नाही. प्रवाहापेक्षा हा शब्द वेगळाच आहे, कारण प्रवाह चालू राहावा असं वाटतं आणि हा थांबावा असं. उद्या पुण्याला कार्ड टाकतो.

१९ एप्रिल, रविवार

बाई वाचली. पोर गेलं, मुलगा होता. रक्त फार गेलं म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलंय, आणि भाऊराव तिथेच आहे.

दुपारी कला ट्रंक आवरत होती. मला वाटलं, हिवाळ्याचे कपडे ठेवतेय. ती माझ्या त्या कागदाची नक्कल घेऊन आली. चौथी शिकलेली आहे, अक्षराला बोट लावून वाचते. दोन ओळीच, पण तिला बराच वेळ लागला.

मी म्हणालो, ‘त्यात काही खोटं आहे का, सांग.’

‘काईच नाई,’ ती म्हणाली. ‘खोटं असतं त कोनी खोडलं असतं.’

मी तिला पाहणी म्हणजे काय ते सांगायला लागलो. ती कागद होता तसा घडी करून ट्रंकेत ठेवून चुलीपाशी गेली. बायकांना शास्त्रातलं कळत नाही हा दोष त्यांचा नाही. पण समजावून घ्यायची तयारी तरी हवी.

जेवण नेहमीसारखं वाढलं. बोलली नाही.

२७ एप्रिल, सोमवार

पुण्याचं उत्तर. टिपण स्वीकारलं, पुस्तकात माझ्या नावानिशी येणार. ‘पाझर’ आणि ‘ठिबक’ ठेवलेत. वऱ्हाडी वळणाचे बाकीचे शब्द काढलेत, कारण ते ग्राम्य वाटतात म्हणे. मलाही तसं वाटतच होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम लिहिली: ‘पाणी सोडलं तर वाहतं, हे आपलं उदाहरण फार बोलकं आहे. असं वाक्य अनुभवातूनच सुचतं.’

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. शाळेत कोणाला दाखवलंही नाही, का कोण जाणे. इथे ते कळणारं तरी कोण आहे.

२ मे, शनिवार

कालपासून मी हेडमास्तर. नारायणरावांनी खुर्चीवरची उशी घरी नेली, ती त्यांची स्वतःची होती. खुर्ची कडक आहे.

पहिली सही भाऊरावच्या कागदावर करावी लागली. अकरा दिवस तो लेखी रजेशिवाय गैरहजर होता. संस्थेकडून टाइप केलेला कागद तयारच आला. नियमात बसतं. परीक्षेच्या दिवसांत प्रयोगशाळेला कोणी नव्हतं, हेही खरं आहे. तो कुठे होता हे मला माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे अर्ज नव्हे. मी उत्तमरावांना म्हणालो की, ताकीद देऊन भागेल का. ते म्हणाले, ‘पाहा तुमी. हेडमास्तर तुमी आहा.’ आणि माझ्याकडे बघत राहिले.

सही केली. शाई जास्त झाली होती, टिपकागद लावावा लागला.

११ मे, सोमवार

भाऊराव घरी आला. अंगणाच्या बाहेर उभा राहिला. कलानं आत ये, बस, असं दोनदा म्हटलं, तरी आला नाही. नोकरीचा दाखला हवा होता. मलकापूरला जिनिंगमध्ये कोणी ओळखीचा आहे. मी लगेच लिहून दिला. चांगला लिहिला: प्रामाणिक, कष्टाळू, नऊ वर्षे समाधानकारक काम.

त्यानं पूर्ण वाचला. म्हणाला, ‘समाधानकारक होतं त काढलं काऊन, ते नाई लिहिलं.’

मी म्हणालो, दाखल्यात तसं लिहीत नाहीत. त्यानं दाखला वरच्या खिशात घातला. मग वही मागितली. त्यांचा वाडा बुलढाण्याला अर्ज करतोय, त्याला ती जोडायची आहे. मी सांगितलं की, ती शाळेची वही आहे, बाहेर देता येत नाही.

‘शाळेतच आहे काय?’

‘हो.’

कला दारात उभी होती. ट्रंक तिच्यामागे चार हातांवर.

जनकाबाई कशी आहे, ते विचारायचं राहून गेलं. तो कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं.

३० मे, शनिवार

काल बुलढाण्याचे इंजिनियर पाहणीला यायचे होते. पंडितजी गेल्यामुळे सगळे दौरे पुढे ढकलले. गावात बाजार बंद आहे. पाराजवळ लोक रेडिओला वेढा घालून बसलेत. मीही बसलो. सगळे रडत होते, मलाही रडू आलं, आणि एकदा आलं ते लवकर थांबेना. उत्तमरावांनी पाठीवर हात ठेवला. एवढं कशाचं रडू होतं कुणास ठाऊक.

घरी कला फक्त कामापुरतं बोलते. आठवडे झाले.

५ जून, शुक्रवार

आज पाहणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

इंजिनियर साहेब जीपनं आले. तरुण आहेत, बोलणं तुटक. टाकीपाशी सगळे उभे राहिलो. उत्तमराव, पंच, मी. खालच्या अंगाला बुद्धवाड्यातली चाळीस-पन्नास माणसं, पुढे म्हातारे कचरू आणि भाऊराव. बायाही होत्या. जनकाबाई होती, तिला मी आधी ओळखलंच नाही. 

साहेबांनी माझा कागद वाचला. मग अर्ज वाचला. मापाचा पुरावा काय आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा भाऊरावनं सदऱ्याच्या आतून वही काढली. तपकिरी पुठ्ठ्याची. मला दुरूनच कळलं.

साहेब पानं उलटत राहिले. मग माझ्याकडे वळले. ‘हे माप तुमच्यासमोर घेतलं?’

‘मी होतो तिथे.’

‘अकरा फूट उतार आहे. मग पाणी जायला हवं. जाईल की नाही? एवढंच सांगा हेडमास्तर, हो की नाही.’

माझ्या डाव्या हाताला उत्तमराव उभे होते. ते लांब मळ्याकडे पाहत होते. उजव्या हाताला भाऊराव. तोही माझ्याकडे पाहत नव्हता. साहेबांच्या हातातल्या वहीकडे पाहत होता.

मी म्हणालो, ‘साहेब, त्याआधी प्रवाह या शब्दाचा अर्थ स्पष्ट व्हायला हवा.’

आणि मी बोललो. मला वाटतं, मी चांगलं बोललो. प्रवाह म्हणजे वाहणारी वस्तू, आणि प्रवाह म्हणजे ठरावीक वेळात किती वाहतं ते परिमाण, हे दोन अर्थ लोकव्यवहारात मिसळतात. दाब असला म्हणजे प्रवाह असतोच असं नाही, बंद नळात दाब असतो, प्रवाह नसतो. विजेचं तसंच. उताराचं माप हे शक्यतेचं माप आहे, प्रत्यक्षाचं नव्हे. आपण पाणी ‘येतं’ म्हणतो, ‘जातं’ म्हणतो, पण शास्त्राला येणंजाणं नसतं, त्याला फक्त... इथे मी थोडा अडखळलो, मग पुढे नेलं. वीस मिनिटं झाली असतील. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाया एकेक करून खाली बसल्या.

मी थांबलो तेव्हा उत्तमराव म्हणाले, ‘साहेब, चहा घेऊ.’

भाऊराव पुढे आला. ‘साहेब, मी सांगतो. नळी म्या धरली होती. पानी जाते.’

‘तुम्ही कोण?’

‘शाळेत कामाले होतो.’

‘काढलेला माणूस आहे,’ उत्तमराव हलक्या आवाजात म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

साहेबांनी वही मिटून जीपच्या टपावर ठेवली आणि अर्जावर शेरा लिहिला. मोठ्यानं वाचूनही दाखवला: ‘मापांसंबंधी तज्ज्ञाचे मत निश्चित नाही. पुढील आर्थिक वर्षात फेरविचार व्हावा.’ मग चहाला गेले.

कचरू म्हातारे प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. ‘म्हंजे काय झालं?’ असं त्यांनी दोघातिघांना विचारलं, मग मला विचारलं. सोप्या मराठीत सांगणं माझं कामच आहे. मी म्हणालो, भाऊराव सांगेल. भाऊरावनं टपावरची वही उचलली, धूळ झटकली आणि जनकाबाईला घेऊन चालायला लागला. बाकीचे त्याच्या मागे गेले. कोणी ओरडलं नाही, मला कोणी काही बोललं नाही. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

६ जून, शनिवार

भाऊराव आणि जनकाबाई सकाळच्या गाडीनं मलकापूरला गेले. भांडीकुंडी नेली, म्हणजे परत यायचा विचार नसावा. 

मी कलाला विचारलं, वही तू दिलीस का. ‘हाव, म्या देली,’ ती म्हणाली. भाकरी थापत होती, थांबली नाही. मला न विचारता माझ्या ट्रंकेतली वस्तू बाहेर दिली, नवऱ्याला गावासमोर उभं केलं, हे मी बोललो. शेवटची भाकरी तव्यावर टाकून तिनं हात धुतले.

मग मी तिला विचारलं. काल मी आणखी काय सांगायला हवं होतं? सगळे अर्थ सांगितले. एकही सोडला नाही.

‘हाव म्हनाचं होतं,’ ती म्हणाली. ‘त्यानं तेवढंच इचारलं होतं.’

तिनं कोपऱ्यातली घागर उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडली. मी ओट्यावर आलो. नळ दारात होता, पाण्याची वेळ होती, आळीतल्या दोघी तिघी भरत होत्या. त्यांनी तिला जागा करून दिली. ती त्यांच्या बाजूनं पुढे गेली, कोपऱ्यावर वळली आणि नाल्याच्या वाटेला लागली. खाली बुद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन चालल्या होत्या. ती त्यांच्यात मिसळेपर्यंत मला दिसत होती. नळापाशी बाया माझ्याकडे पाहायला लागल्या, तेव्हा मी आत आलो.

तव्यावरची भाकरी जळाली होती. ती काढून ठेवली आणि हे लिहायला बसलो.